माळावरची रोपं आणि मुळांतली बुरशी : श्रावणातली नोंद

बालाघाटाच्या कुशीतल्या आमच्या माळावर मृगात पिशव्या भरल्या होत्या. त्यातली कडुनिंबाची आणि शिरीषाची रोपं आता मुळं तपासण्याजोगी झाली आहेत. मुळांत राहणारी बुरशी रोपांना कुठल्या मातीतून मिळते, ते बघायचं होतं. सगळ्या पिशव्यांत मुरूमच, वर ओंजळभर माती, दह्याला विरजण लावावं तशी. पहिल्या गटाला बांधावरच्या जुन्या कडुलिंबाखालची, दुसऱ्याला झाड नसलेल्या गवताळ मोकळ्या जागेतली. तिसऱ्याला बांधावरचीच, पण कुकरमध्ये वाफवून बुरशी मारलेली, म्हणजे मातीतल्या खताचा फायदा वेगळा काढता येतो. (कुकर भंगारातला घ्या. घरचा घेतलात तर जेवण बाहेर करावं लागेल.)

बुरशी दिसावी म्हणून मुळं रंगवायला महागडी रसायनं लागत नाहीत. केसासारखी बारीक मुळं धुवून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करायची. हातमोजे आणि चष्मा हवाच. मग व्हिनेगरमध्ये खळबळून, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ५ टक्के काळी शाई घालून त्यात चार-पाच मिनिटं उकळायची. जास्तीचा रंग व्हिनेगरचे थेंब टाकलेल्या पाण्यात उतरतो.

४०० पट मोठं करून पाहिलं, तर पहिल्या गटातलं मूळ गजबजलेलं. पेशींच्या रांगांमधून बुरशीचा गर्द धागा जातो, मधे पडदे जवळपास नसतातच. मधूनच तेलाने भरलेले गोल फुगे. आतल्या पेशीत शिरलेला धागा इतके फाटे फोडतो, की ती पेशी गच्च भरलेली दिसते. यालाच आर्बस्क्यूल म्हणतात. इथेच बुरशी झाडाला स्फुरद (फॉस्फरस) देते आणि साखर-चरबी घेते. आपल्या चुनखडीच्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमला बांधलेलं असतं, म्हणून ही देवघेव इथे मोलाची.

तिसरा गट जवळपास कोरा, हे अपेक्षितच. मजा दुसऱ्यात आहे: गवताळ जागेची माती बांधावरच्या मातीला कुठेच कमी पडली नाही. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, पण ते मूळ झाडाचंच हवं असं नाही. कुसळी गवतही तिला चालतं. म्हणून झाडं तुटलेला माळ मला संपलेला वाटत नाही. मुरूम खरवडून नेलेली जागा मात्र वेगळी. रोपं लावण्याआधी गवत मुळासकट काढून माळ ‘साफ’ करायची पद्धत मला म्हणूनच पटत नाही. रोपाभोवती वीतभर जागा मोकळी केली की पुरे.

‘झाडं बुरशीतून एकमेकांना अन्न पाठवतात’ हे इथे लगेच जोडू नये. त्यामागचा १९९७ चा गाजलेला प्रयोग कॅनडातल्या बर्च आणि डग्लस फरवरचा. त्यांची मुख्य बुरशी मुळावर बाहेरून आवरण घालणारी, आपल्या लिंब-शिरीषाची पेशीत शिरणारी. शिवाय जंगलातल्या अशा देवघेवीचे पुरावे तोकडे आहेत, असं २०२३ मध्ये काही संशोधकांनीच लिहिलं.

अभयारण्यातली माती कुणी उचलू नये; बांध पुरतो. पोळ्यानंतर काही पिशव्यांना सुपर फॉस्फेट देणार आहे. स्फुरद आयतं मिळालं की झाड बुरशीला फारसं विचारत नाही म्हणतात, ते याच मुळांत बघायचं आहे.