तुम्ही विचारलंत म्हणून: गुण उत्तम असूनही अर्थशास्त्राच्या पीएचडीचा प्रवेश का नाकारला जातो?

दरवर्षी मार्च महिना आला की पुण्यातील अर्थशास्त्राचे विद्यार्थी, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांचे पालक, मला एकच प्रश्न विचारतात. पदवीला प्रथम श्रेणी, पदव्युत्तर परीक्षेत त्याहून चांगले गुण, जीआरई या प्रवेशपरीक्षेच्या गणित विभागात 170 पैकी 168, आणि तरीही अमेरिकेतील एकाही विद्यापीठाने पीएचडीला प्रवेश दिला नाही, हे कसे झाले? कुठेतरी अन्याय झाला असावा, उद्देशपत्र (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जासोबतचा निबंध) नीट उतरले नसावे किंवा सल्लागार चुकीचा निवडला गेला असावा, अशी शंका त्या प्रश्नामागे बहुधा असते. अनेक वर्षे शिकवत आणि शिफारसपत्रे लिहीत आल्यामुळे माझे उत्तर आता ठरून गेले आहे. गुणांमुळे तुमचा अर्ज बाजूला टाकला जात नाही, एवढेच. प्रवेश मिळतो तो निवड समितीचा ज्याच्या शब्दावर विश्वास आहे, अशा कोणीतरी तुमचे काम जवळून पाहिलेले असते आणि त्याविषयी खरे व नेमके लिहिलेले असते म्हणून.

हे समजण्यासाठी आधी समितीच्या बाजूने विचार करावा लागतो. अमेरिकेतील अर्थशास्त्राची पीएचडी साधारणपणे पाच ते सहा वर्षांची असते आणि चांगल्या विभागांत विद्यार्थ्याला शुल्क भरावे लागत नाही. उलट अध्यापन किंवा संशोधन साहाय्याच्या मोबदल्यात दरमहा विद्यावेतन मिळते. याचा अर्थ असा की प्रत्येक विद्यार्थ्यामागे विभाग स्वतःचा पैसा आणि प्राध्यापकांचा वेळ गुंतवत असतो. आघाडीच्या विभागांत वर्षाला वीस-पंचवीस जणांची तुकडी भरते आणि तिच्यासाठी जगभरातून शेकडो अर्ज येतात. समितीला दोन प्रकारची भीती असते. पहिल्या वर्षी सूक्ष्म अर्थशास्त्र, स्थूल अर्थशास्त्र आणि अर्थमिती (आर्थिक आकडेवारीचे संख्याशास्त्र) यांचे गणिताने भरलेले पाठ्यक्रम व त्यानंतरच्या पात्रता परीक्षा विद्यार्थ्याला झेपतील का, ही एक. आणि त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर, कोणी प्रश्न काढून देणार नसताना, तो स्वतःचा प्रश्न शोधून वर्षानुवर्षे त्यावर काम करू शकेल का, ही दुसरी. गुणपत्रिका पहिल्या भीतीवर थोडेफार उत्तर देते. दुसरीबद्दल ती काहीच सांगत नाही.

गंमत अशी की या परिस्थितीचे सर्वांत चांगले विश्लेषण अर्थशास्त्रानेच केलेले आहे. मायकेल स्पेन्स यांनी 1973 मध्ये मांडले की नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत थेट दिसत नाही, म्हणून तो उमेदवाराने दिलेल्या संकेतांवरून ती ओळखू पाहतो. आणि एखादा संकेत तेव्हाच उपयोगी ठरतो, जेव्हा तो देणे कमी कुवतीच्या उमेदवाराला अधिक जड जाते. 2001 चे अर्थशास्त्राचे नोबेल जॉर्ज अकरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर स्पेन्स यांना मिळाले, ते माहितीच्या विषमतेवरील अशाच कामासाठी. हा विचार आपण वर्गात शिकवतो, परीक्षेत त्यावर टिपा लिहून घेतो, पण आपल्याच अर्जाला तो लावून पाहत नाही. जीआरईच्या गणित विभागात शालेय स्तरापलीकडचे गणित जवळजवळ नसते. काही महिन्यांच्या सरावाने तिथे उत्तम गुण मिळतात आणि अर्थशास्त्राच्या पीएचडीसाठी अर्ज करणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते मिळालेले असतात. जो संकेत सगळेच देऊ शकतात, तो कोणालाच वेगळे काढत नाही. 155 गुण असतील तर अर्ज अडतो. 168 असल्याने तो पुढे सरकत नाही. म्हणून 168 चे 170 करण्यासाठी पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांना मी थांबवते आणि तोच वेळ गणिताच्या खऱ्या पाठ्यक्रमाला द्यायला सांगते.

हे खरे गणित म्हणजे बहुचल कलन, रेषीय बीजगणित, संभाव्यता व संख्याशास्त्र, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रिअल अ‍ॅनालिसिस, म्हणजेच सिद्धता लिहिण्याची शिस्त. आपल्याकडे बी.ए. अर्थशास्त्राचा विद्यार्थी कला शाखेत असल्यामुळे त्याचा गणिताशी संबंध बारावीला, कधी कधी दहावीलाच, संपलेला असतो आणि पदवीच्या तीन वर्षांत त्याला समीकरणापेक्षा परिच्छेद अधिक वाचायला मिळतात. ही शाखांची भिंत अर्थशास्त्राला कधीच मानवलेली नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास केला आणि जो 1971 मध्ये प्रसिद्ध झाला, तो उष्मांकांच्या गरजेपासून उपभोग खर्चाच्या आकड्यांपर्यंत मोजमापावर उभा होता, आणि दांडेकर मुळात संख्याशास्त्राचे विद्यार्थी होते. आता नव्या शैक्षणिक धोरणातील मेजर-मायनर रचनेमुळे अर्थशास्त्राबरोबर गणित घेण्याची वाट काही महाविद्यालयांत उघडली आहे. ती आपल्या महाविद्यालयात उपलब्ध असेल तर घ्यावी, आणि नसेल तर बी.एस्सी.च्या गणिताच्या वर्गात बसण्याची परवानगी मागावी. पदवीच्या दुसऱ्या वर्षी हा निर्णय घेतलेला विद्यार्थी आणि अर्जाच्या आधी सहा महिने जाग आलेला विद्यार्थी यांच्या गुणपत्रिकांतील फरक समितीला पहिल्या पानावरच दिसतो.

आता शिफारसपत्रांकडे येते, कारण माझ्या मते आपल्याकडचे बहुतेक नकार इथे ठरतात आणि विद्यार्थ्याला ते कधीच कळत नाही. बहुतेक विभाग तीन पत्रे मागतात. ती लिहिणाऱ्या शिक्षकाला ऑनलाइन अर्जात विचारले जाते की या विद्यार्थ्याला तुम्ही किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता, आणि आजवर शिकवलेल्या विद्यार्थ्यांत तो वरच्या एक टक्क्यात बसतो, पाच टक्क्यांत की पंचवीस टक्क्यांत. शंभर मुलांच्या वर्गात ज्याला मी हजेरीपुरती ओळखते, त्याच्याबद्दल मी काय लिहिणार? मेहनती आहे, नम्र आहे, वर्गात पहिल्या पाचांत आहे. ही माहिती गुणपत्रिकेत आहेच. समितीला जे हवे असते ते असे: या विद्यार्थिनीने राष्ट्रीय नमुना पाहणीची माहिती स्वतः साफ केली, त्यात एका जिल्ह्याचे आकडे जुळत नाहीत हे तिच्या लक्षात आले, ते का जुळत नाहीत याचा तिने छडा लावला आणि माझे आधीचे मत चूक असल्याचे मला दाखवून दिले. असे एक वाक्य दहा विशेषणांपेक्षा जड असते, आणि ते लिहिता येण्यासाठी ते आधी घडलेले असावे लागते.

यासंबंधी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. ‘पत्र तूच लिहून आण, मी सही करतो’ ही पद्धत आपल्या अनेक महाविद्यालयांत रुळलेली आहे आणि ती विद्यार्थ्यावर उपकार म्हणून चालवली जाते. प्रत्यक्षात तिच्यामुळे विद्यार्थ्याचे नुकसानच होते. विद्यार्थ्याने स्वतःबद्दल लिहिलेले पत्र उद्देशपत्रासारखेच वाचले जाते, तिन्ही पत्रांची भाषा एक होते, आणि वर्षानुवर्षे असे अर्ज वाचणाऱ्या प्राध्यापकांना ते ओळखायला वेळ लागत नाही. तसेच, दरवर्षी सगळ्यांनाच ‘सर्वोत्तम’ म्हणणाऱ्या शिक्षकाचे पत्र पुढे पुढे कोणी मनावर घेत नाही, आणि त्याची किंमत पाच वर्षांनी येणाऱ्या खरोखरच्या सर्वोत्तम विद्यार्थ्याला मोजावी लागते. म्हणून मी काहींना पत्र देण्यास नकार देते, आणि तो नकार ऑगस्टमध्येच देते, म्हणजे त्यांना दुसरे कोणी शोधता येईल. त्यांना त्या वेळी राग येतो, तो मी समजू शकते.

यात असमानता आहे हे मी नाकारत नाही. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स किंवा भारतीय सांख्यिकी संस्थेतून आलेल्या पत्राखाली जे नाव असते, ते समितीतील कोणी ना कोणी परिषदेत भेटलेले असते. त्या संस्थांचे विद्यार्थी आधी त्या विभागात येऊन गेलेले असतात, त्यामुळे त्यांच्या गुणांचा अर्थ काय हेही समितीला ठाऊक असते. पुण्यातील एखाद्या पेठेतल्या महाविद्यालयाच्या ‘ओ’ या सर्वोच्च श्रेणीचा अर्थ त्यांना ठाऊक नसतो. ही त्या मुलाची चूक नव्हे, आणि त्याच्या कुवतीवर तो शेराही नव्हे. पण अंतर खरे आहे, आणि ते निबंधाच्या भाषेने भरून निघत नाही.

ते भरून काढण्याचे दोन मार्ग मी सुचवते. एक म्हणजे पदव्युत्तर शिक्षण जिथे गणिती अर्थशास्त्र कसून शिकवले जाते आणि प्रबंध गंभीरपणे करून घेतला जातो अशा ठिकाणी घेणे: गोखले संस्था, रिझर्व्ह बँकेने मुंबईत गोरेगावला स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, दिल्लीतील वर उल्लेखिलेल्या संस्था, किंवा युरोपातील काही संशोधनाभिमुख पदव्युत्तर कार्यक्रम. दुसरा मार्ग म्हणजे प्री-डॉक, अर्थात एखाद्या प्राध्यापकाच्या संशोधन प्रकल्पावर एक-दोन वर्षे पूर्णवेळ साहाय्यक म्हणून काम करणे. भारतात क्षेत्र-सर्वेक्षणांवर आधारित बरेच संशोधन होत असल्यामुळे अशा जागा इथेही निघतात. काम कष्टाचे असते: प्रश्नावल्या तपासणे, सर्वेक्षकांबरोबर तालुक्याच्या गावी राहणे, आणि ‘स्टाटा’ किंवा ‘आर’ या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या कोडमधील चूक रात्री उशिरापर्यंत शोधणे. पण इथे दोन्ही गोष्टी एकदम होतात. संशोधन आपल्याला खरोखर आवडते का हे विद्यार्थ्याला कळते, आणि समितीला परिचित असलेल्या व्यक्तीला त्याचे काम रोज दिसते. गेल्या काही वर्षांत ही पायरी इतकी रूढ झाली आहे की आघाडीच्या विभागांत थेट पदवीनंतर येणारे विद्यार्थी कमी दिसतात.

उद्देशपत्राबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ते नेमके आणि स्वच्छ असावे. बालपणी वडिलांबरोबर मंडईत जाऊन मागणी-पुरवठा समजल्याची कथा त्यात नसावी. ते लिहून देण्यासाठी हजारो रुपये घेणाऱ्यांकडे जाऊ नये.

सल्लागारांमुळे होणारा आणखी एक गोंधळ पालकांनी लक्षात घ्यावा. स्वखर्चाने करायची एम.एस. किंवा एम.ए. आणि विद्यावेतनासह मिळणारी पीएचडी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत विद्यार्थी विद्यापीठाला पैसे देतो, दुसरीत विद्यापीठ विद्यार्थ्याला देते. त्यामुळे पहिलीचा प्रवेश तुलनेने सहज मिळतो आणि शेजारच्या मुलाला तो मिळाला म्हणून आपल्या मुलीची कुवत कमी ठरत नाही. पीएचडीच्या अर्जांचाही खर्च कमी नाही. प्रत्येक अर्जाला साधारण 100 डॉलर धरले, तर दहा अर्जांचेच 80,000 रुपयांहून अधिक होतात, म्हणून शुल्कमाफीची सोय कुठे आहे हे आधी पाहावे आणि यादीत केवळ नावाजलेली विद्यापीठे भरू नयेत. आपल्या विषयाचे दोन-तीन तरी प्राध्यापक जिथे आहेत, अशी मधल्या क्रमांकाची विद्यापीठे यादीत असावीत.

निकाल कसा वाचावा, हेही मला विचारले जाते. डिसेंबरमध्ये किंवा जानेवारीच्या सुरुवातीला अर्ज बंद होतात, फेब्रुवारीपासून उत्तरे येऊ लागतात. अर्थसाहाय्यासह आलेल्या प्रस्तावाला उत्तर देण्यासाठी बहुतेक अमेरिकी विद्यापीठे 15 एप्रिलपर्यंत मुदत देतात, आणि त्यामुळे प्रतीक्षायादी शेवटच्या पंधरवड्यात, अनेकदा शेवटच्या दोन-तीन दिवसांत, हलते. प्रतीक्षायादीत असलेल्या विद्यार्थ्याने विभागाला एकच सभ्य पत्र लिहून आपली इच्छा कळवावी. नकाराच्या पत्रात कारण नसते आणि ते शोधत बसण्यात अर्थ नाही, कारण कित्येकदा ते उमेदवारात नसतेच: त्या वर्षी विकास अर्थशास्त्राचा मार्गदर्शक रजेवर असतो, किंवा आदल्या वर्षी अपेक्षेपेक्षा जास्त विद्यार्थी आल्याने तुकडी लहान ठेवलेली असते. 2025 मध्ये संशोधन निधीविषयीच्या अनिश्चिततेमुळे अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी पीएचडीच्या जागाच कमी केल्या. त्या वर्षी नकार मिळालेल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी आधीच्या तुकडीशी स्वतःची तुलना करू दिली नाही.

भारतात पीएचडी करणे म्हणजे हार पत्करणे, ही समजूत मला मान्य नाही. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर 2023 पासून दरमहा 37,000 रुपये मिळतात, आणि ज्यांचा प्रश्नच महाराष्ट्रातील शेती, ऊस, पाणी किंवा असंघटित श्रम यांविषयी आहे त्यांना मार्गदर्शक आणि माहिती दोन्ही इथे जवळ असतात. मात्र इथेही मार्गदर्शक पाहूनच जावे, केवळ संस्थेचे नाव पाहून नव्हे.

राहिला पुन्हा अर्ज करण्याचा प्रश्न. मार्चमध्ये नकार आला की बहुतेक विद्यार्थी त्याच डिसेंबरमध्ये पुन्हा अर्ज करू पाहतात, आणि मधल्या आठ-नऊ महिन्यांत बदललेले असते ते फक्त उद्देशपत्र. समितीपुढे तोच अर्ज पुन्हा जातो. नवे शिफारसपत्र हवे असेल तर त्यामागे किमान एक वर्षाचे काम हवे, म्हणून एक फेरी सोडून त्यापुढच्या डिसेंबरमध्ये अर्ज करावा, असे मी सांगते. घरच्यांना ते वर्ष वाया गेल्यासारखे वाटते, विशेषतः मुलीच्या बाबतीत, आणि तेव्हा त्यांच्याशी बोलायला मी स्वतः तयार असते: त्या वर्षात ती कोणाबरोबर, कोणत्या माहितीवर, कोणत्या प्रश्नावर काम करणार आहे हे एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवले, की पुढचे बोलणे सोपे जाते.