तुम्ही विचारलंत म्हणून: तारा हलत का नाही?

"काकू, तारा हलतच नाहीये!"

अमावस्येच्या आसपास रात्री पावणेबाराला फोन वाजला की पलीकडून हेच ऐकू येणार, हे आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ आहे. फोन करणारा भोर किंवा वेल्ह्याच्या बाजूला एखाद्या माळावर कुडकुडत बसलेला असतो. आकाशाचे फोटो काढायला दुर्बीण लावून झालेली, लॅपटॉपवर पीएचडी२ हा दुर्बिणीला ताऱ्यावर धरून ठेवणारा प्रोग्राम उघडलेला, आणि तारा पुरेसा हलला नाही म्हणून प्रोग्रामने कॅलिब्रेशन, म्हणजे सुरुवातीची चाचणी, सोडून दिलेलं. मग ठरलेला प्रश्न येतो, "कुठलं सेटिंग बदलू?"

कुठलंच नको. आधी लॅपटॉपपासून ऊठ आणि माउंटपाशी, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीपाशी, जा.

आकाश सेकंदाला साधारण १५ विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं आणि माउंट त्याच्या जोडीने फिरतो. पण कुठलाच गिअर इतका गुळगुळीत नसतो, म्हणून मोठ्या दुर्बिणीला जोडलेल्या छोट्या दुर्बिणीवरचा, म्हणजे गाइडस्कोपवरचा, कॅमेरा एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला बारीक टोचण्या देतो. टोचणी किती द्यायची हे कळायला आधी एक चाचणी लागते. अनोळखी घरात एकेक बटण दाबून कुठला दिवा लागतो ते आपण बघतो ना, तसंच. पश्चिमेला ढकल, परत आण, उत्तरेला ढकल, परत आण. तारा पडद्यावर कुठे आणि किती गेला ते मोजायचं, एवढंच कॅलिब्रेशन. ते फसलं याचा अर्थ बटण दाबूनही दिवा लागला नाही. अशा वेळी आपण वायर बघतो, सेटिंग नाही.

वायरीवरून आठवलं. माझ्या पहिल्या हिवाळ्यात माउंटची एसटी-४ केबल, म्हणजे टोचण्यांचे निरोप माउंटला पोचवणारी तार, घरी राहिली. गावात दुकान गाठलं, तिथल्या माणसाने टेलिफोनची तार दिली, खटकन बसली. रात्री गंमत अशी झाली की तारा तीन दिशांना व्यवस्थित जाई आणि आरएच्या (पूर्व-पश्चिम हालचालीच्या) एका दिशेला ढिम्म. मी दोन रात्री आकडे बदलत बसले. तिसऱ्या दिवशी उजेडात प्लग डोळ्यांजवळ धरला तेव्हा दिसलं की एसटी-४ च्या प्लगला सहा जागा असतात आणि या तारेत मधल्या चारच भरलेल्या. चार दिशा आणि एक सामायिक अशा किमान पाच वायरी हव्यात. एका दिशेचा निरोप निघत होता, पोचत नव्हता. ती केबल मी अजून टाकलेली नाही, नव्या मुलांना दाखवायला ठेवलीय.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे तारा हलत नाही कारण तो ताराच नसतो. आपल्याकडच्या उबदार रात्रींत थंड न केलेल्या कॅमेऱ्यावर हॉट पिक्सेल, म्हणजे उगाच चमकणारे ठिपके, भरपूर उमटतात. सुईच्या टोकासारखा टिपका दिसतो आणि आपण खुशीत त्यावर क्लिक करतो. खरा तारा थोडा पसरट असतो, किंचित थरथरतो. झाकण लावून डार्क, म्हणजे नुसत्या काळोखाचे फोटो, घेऊन ठेवले की हा प्रश्न संपतो.

आता जरा हिशेब, कारण निम्मे फोन यातले असतात. माझा गाइडस्कोप १२० मिमी नाभीय अंतराचा (फोकल लेंग्थचा), कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचा. पिक्सेलला नाभीय अंतराने भागून २०६ ने गुणलं की एका पिक्सेलवर आकाशाचा किती भाग पडतो ते येतं. इथे साधारण साडेसहा विकला. गाइड रेट, म्हणजे टोचणीचा वेग, आकाशाच्या वेगाच्या ०.५ पट असेल तर एका सेकंदाच्या टोचणीत माउंट साडेसात विकला हलतो, म्हणजे एक पिक्सेल आणि वर थोडं. प्रोग्रामला तारा साधारण २५ पिक्सेल सरकलेला हवा असतो आणि तोही डझनभर पावलांत, म्हणजे पाऊल जवळजवळ १८०० मिलिसेकंदांचं हवं. पुष्कळ जण नाभीय अंतर विचारल्यावर गाइडस्कोपऐवजी मोठ्या दुर्बिणीचं घालतात, समजा ६००. प्रोग्राम बिचारा विश्वास ठेवतो आणि पाऊल ३५० चं काढतो. अशी साठ पावलं टाकूनही तारा साडेचोवीस पिक्सेलच जातो, आणि साठनंतर प्रोग्राम हात टेकतो.

आणि तुम्ही कॅलिब्रेशन करता कुठे? "एम ८१ चा फोटो काढायचाय, म्हणून तिथेच केलं," असं उत्तर येतं. एम ८१ ही दीर्घिका सप्तर्षीत, क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, ६९ अंश. ध्रुवाच्या जवळ आरएची हालचाल आक्रसते. तिथे ती विषुववृत्तावरच्या जेमतेम छत्तीस टक्के उरते. जात्याच्या खुंट्याजवळ ठेवलेला दाणा कडेच्या दाण्याइतका कसा फिरेल? म्हणून कॅलिब्रेशन खगोलीय विषुववृत्ताजवळ, मध्यमंडलाच्या, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेच्या, आसपास करावं. हिवाळ्यात शोधाशोधही नको. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे घ्या, त्यातला आधी उगवणारा जवळपास विषुववृत्तावरच आहे.

आरए एकदाचं जमलं की डेक, म्हणजे उत्तर-दक्षिण हालचाल, रुसतं. गायडिंगच्या वेळी आरएची मोटर कधीच उलटी फिरत नाही, नुसती जरा जलद किंवा सावकाश होते, त्यामुळे तिचे दाते एकाच बाजूने टेकलेले राहतात. डेकला मात्र खरोखर दिशा बदलावी लागते, आणि तिथे वर्म (मळसूत्री दांडा) आणि चाकातला प्ले, म्हणजे ढिलेपणा, उघडा पडतो. जुन्या जीपचं स्टिअरिंग आठवा, चार बोटं फिरवलं तरी चाकाला पत्ता नसतो. तारा उत्तरेला छान जातो, दक्षिणेला परत बोलावलं की जागेवरच. यावर माझा उपाय साधा आहे. कॅलिब्रेशनच्या आधी हॅंड कंट्रोलरचं उत्तरेचं बटण तारा पडद्यावर हलेपर्यंत दाबून ठेवायचं, म्हणजे दाते टेकलेले असतात. परतीचा प्ले त्याने जात नाही, पण मोजणी खरी येते. प्ले फारच असेल तर डेकला एकाच दिशेने दुरुस्ती करू द्यायची; पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा आस ध्रुवाकडे रोखणं, किंचित चुकलेली असली की तारा तसाही एकाच बाजूला वाहतो. वर्मचे स्क्रू आवळायचा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला होता. पहाटे गारठ्यात मोटर घुरघुरून अडकली. आवळायचंच तर दिवसा, आणि फेऱ्याचा आठवा भाग, त्याहून जास्त नाही.

बाकीचं पटकन सांगते. ट्रॅकिंग चालू आहे ना? हसू नका, मी स्वतः बंद ठेवून बसलेय. तोल बघा, लोंबणाऱ्या केबली बघा. आपल्याकडे ध्रुव पुण्यातून जेमतेम साडेअठरा अंश वर असतो, म्हणजे आरएचा आस आडवाच झोपल्यासारखा, आणि काउंटरवेट ट्रायपॉडच्या पायाला टेकायची भीती कायमची. अंधारात दिसत नाही, हात फिरवून पाहा.

पावलाची लांबी वाढवत वाढवत कॅलिब्रेशन कसंबसं "पास" करून घेणारे भेटतात, त्यांचं मला काही पटत नाही. मग रात्रभर गायडिंगचा आलेख करवतीसारखा आणि सकाळी तारे अंड्यासारखे.

एकदा चांगलं झालेलं कॅलिब्रेशन मात्र जपून ठेवा. माउंट लॅपटॉपला थेट जोडलेला असेल तर दुर्बीण कुठे रोखलीय हे प्रोग्रामला कळतं आणि तेच कॅलिब्रेशन दुसऱ्या रात्रीही चालतं. अट एकच, गाइड कॅमेरा फिरवायचा नाही. गेल्या डिसेंबरात गाइडस्कोपच्या काचेवर दव आलं होतं, मी रुमालाने पुसलं आणि पुसताना कॅमेरा पाव फेरा फिरला. तारा डावीकडे सरकला की प्रोग्राम त्याला वर ढकलायचा. दहा मिनिटांत तो चौकटीबाहेर गेला, आणि मी मात्र वारा सुटलाय म्हणून गाडी आडवी लावायला निघाले होते.