रेडिएशन संपल्यानंतरचे उपचार

मामांच्या गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, त्यातच मानेतल्या गाठी काढल्या गेल्या, पुढे रेडिएशनही पार पडले आणि ‘सुटलात एकदाचे’ म्हणत नातेवाइकांनी ठाण्याच्या कोपरीतल्या घरी पेढे आणले. मामांना मात्र पेढा खाता आला नाही, कारण त्यांच्या तोंडात जेमतेम एक बोट जात होते.

एरवी आपल्या तोंडात आपलीच तीन बोटे उभी मावतात. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले अंतर ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी राहिले, की डॉक्टर त्याला ट्रिसमस म्हणतात. रेडिएशनमुळे चावण्याचे स्नायू हळूहळू तंतुमय होऊन आखडतात आणि हे आखडणे उपचार संपल्यावरही कित्येक महिने, काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षे चालूच राहते. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांचे तोंड तर बऱ्याचदा आजाराआधीच आखडलेले असते. (गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ती कितपत पाळली जाते, हे ठाणेकरांना सांगायला नको.) तोंड उघडले नाही तर खाण्याचे हाल होतातच, शिवाय दात घासणे, दातांवर उपचार करणे आणि आत आजार पुन्हा उद्भवला आहे का, हे तपासणेही कठीण होते.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी उपाय सांगितला तो आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्यांचा. मावतील तितक्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, ताण बसला की थोडा वेळ तसेच थांबायचे आणि तो ताण सहन होऊ लागल्यावरच मधोमध आणखी एक काडी सरकवायची. ताण चालेल, कळ येता कामा नये, हे त्यांनी बजावले होते. मामी प्रत्येक वाढलेल्या काडीची तारीख कालनिर्णयवर लिहीत असत.

खांद्याचे दुखणे मात्र कोणाच्या लक्षातच आले नव्हते. मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या स्नायूकडे जाणारी नस ताणली जाते. ती शाबूत राहिली तरी काही महिने नीट काम करत नाही. त्यामुळे खांदा ओघळतो, पाठीवर फऱ्याचे हाड वर उठून दिसते आणि हात बाजूने खांद्याच्या वर जात नाही. वाशीच्या लोकलमध्ये मामांना डाव्या हाताने वरची कडी धरता येईना, तेव्हा ते उघड झाले. मग भिंतीवर बोटे चढवत हात वर नेणे आणि आरशासमोर बसून दोन्ही फरे मागे जवळ आणणे सुरू झाले. त्या हातात बाजाराची पिशवी घ्यायची नाही आणि चालताना तो लोंबकळू न देता खिशात ठेवायचा, अशीही ताकीद मिळाली.

हे सारे रेडिएशन सुरू होण्यापूर्वीच शिकवले गेले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. मामांच्या डिस्चार्ज कार्डावर ‘व्यायाम चालू ठेवावा’ एवढीच ओळ होती. कोणता व्यायाम, कधीपासून, किती, याचा उल्लेखही नव्हता. गिळण्याचेही तेच आहे: नळीने आहार चालू असला, तरी परवानगी असेल तितके तोंडाने गिळत राहिले नाही, तर ते स्नायूही अशक्त होतात.

मात्र सुधारत असलेले तोंड अचानक पुन्हा मिटू लागले, नवी गाठ लागली किंवा दुखणे एकाएकी वाढले, तर तो आखडलेपणा समजून काड्यांवर जोर वाढवू नये. आधी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावे.