माइकमधली टर्रर्र

"मोबाइल जवळ आला की माइकमध्ये टर्रर्र येते. मोठा कपॅसिटर लावला तरी जात नाही. काय करू?" प्रोजेक्ट करणारी मुलं विचारतात, गणेश मंडळांचे अँप्लिफायर दुरुस्त करणारेही विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फोनच्या रेडिओ लहरी 900 किंवा 1800 मेगाहर्ट्झच्या; त्या कुणालाच ऐकू येत नाहीत. ऐकू येतो तो त्या लहरींचा चालू-बंदचा ताल. 2जी फोन कॉलवर असताना सलग प्रक्षेपण करत नाही. सेकंदाला सुमारे 217 झटके देतो. कंडेन्सर माइकच्या डबीत एक चिमुकला एफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) असतो. क्रिस्टल रेडिओतला डायोड लहरीतून ऐकू येणारा ताल वेगळा काढायचा, तेच काम इथे तो नकळत करतो आणि 217 हर्ट्झची टर्रर्र तयार होते. माणसाचं बोलणंही त्याच पट्ट्यात, त्यामुळे पुढे फिल्टर लावून ती गाळायला गेलात तर आवाजही मार खातो. लहर डबीच्या पिनांपाशीच अडवली पाहिजे.

मोठा कपॅसिटर का चालत नाही, हे नीट समजून घ्या. प्रत्येक कपॅसिटरला स्वतःचं थोडं इंडक्टन्स, म्हणजे कॉइलचा गुण, असतं. 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 900 मेगाहर्ट्झला कॉइलसारखाच वागतो, लहरीला ग्राउंडची वाट नीट देत नाही. 0603 या छोट्या आकाराचा 33 पिकोफॅरडचा एसएमडी (बिनपायाचा, थेट बोर्डावर चिकटणारा) घेतला, तर त्याच्या साधारण एक नॅनोहेन्री इंडक्टन्समुळे त्याचा रेझोनन्स, म्हणजे तो लहरीला सर्वांत सोपी वाट देतो ती फ्रिक्वेन्सी, नेमका 900 च्या आसपास येतो आणि लहर ग्राउंडला जाते. 1800 साठी त्याच्या शेजारी 10 पिकोफॅरडचा लावा. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून, पायवाला सिरॅमिक डिस्क आणलात आणि पाय सेंटीमीटरभर ठेवलेत, तर तोच 33 पिकोफॅरड पावणेतीनशे मेगाहर्ट्झच्या आसपासच रेझोनन्सला येतो, 900 पर्यंत पोचतच नाही. आकडा बरोबर, काम शून्य!

आता जागा. कपॅसिटर माइकच्या दोन पिनांच्या मध्ये, अगदी पॅडला चिकटून. त्याच्या ग्राउंड टोकाला तिथेच स्वतंत्र व्हाया (बोर्डाच्या थरांना जोडणारं छिद्र). माइकच्या ट्रॅकखालचा ग्राउंडचा तांब्याचा थर कुठेही चिरू नका. माझ्याकडे येणाऱ्या बोर्डांत ही चूक फार दिसते. साध्या एफआर-4 (फायबरग्लासच्या) बोर्डावर चार-पाच सेंटीमीटरचा ट्रॅक 900 साठी पाव तरंगलांबीचा, म्हणजे चांगला अँटेनाच होतो. बोर्डावर वायफाय मॉड्यूल असेल तर माइक त्याच्या अँटेनापासून शक्य तितका लांब, दुसऱ्या टोकाला. फेराइट बीड (उच्च फ्रिक्वेन्सी अडवणारा मणी) घालायचा तर डेटाशीटच्या पहिल्या ओळीवर जाऊ नका. तो आकडा बहुधा 100 मेगाहर्ट्झचा असतो. 900 ला किती ओहम उरतात ते ग्राफवर बघा.

आणि टेस्ट टेबलावर करून समाधान मानू नका. मुंबईत टॉवर जवळजवळ असल्याने फोन कमी पॉवरवर चालतो आणि खराब बोर्डही पास होतो. मी बोर्ड तळघरातल्या पार्किंगमध्ये नेतो, फोन फक्त 2जीवर ठेवतो आणि रेंजची एकच कांडी उरते तिथे कॉल लावून माइकला टेकवतो. तिथे फोन दोन वॉटपर्यंत जातो. तिथेही टर्रर्र आली नाही, तरच बोर्ड छपाईला पाठवतो.