आला की आलाच?

आमच्या बी.एड. कॉलेजच्या सोहळ्याच्या स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि मी कॉलेजवर लिहायला बसलो. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. दोन्ही वेळा पहिल्याच परिच्छेदात बाई येऊन बसल्या. मग म्हटलं, बाईंवरच लिहावं. इमारत, ग्रंथालय, स्नेहसंमेलन यांवर इतर मंडळी लिहितीलच. नावाची गरज नाही. मराठी अध्यापन पद्धती (मराठी कसं शिकवायचं, हा विषय) घेतलेल्यांना 'बाई' म्हणजे एकच.

आमचं बी.एड. एका वर्षाचं. सूक्ष्मपाठांना, म्हणजे काही मिनिटांच्या सरावाच्या पाठांना, वर्गमित्रच विद्यार्थी व्हायचे आणि मिशा असलेले बाप्ये 'सर, फळ्यावरचं दिसत नाही' म्हणून छळायचे. ६ मिनिटं शिकवायचं, ६ मिनिटं बोलणी खायची, १२ मिनिटांत पाठाचं टाचण दुरुस्त करायचं, पुन्हा ६ मिनिटं शिकवायचं, पुन्हा ६ मिनिटं ऐकून घ्यायचं. असं ते ३६ मिनिटांचं चक्र. त्यात माझं हसंच जास्त झालं, ते राहू दे.

फ्लँडर्स या शिक्षणतज्ज्ञाचं आंतरक्रिया विश्लेषण, म्हणजे वर्गात कोण किती बोलतं ते मोजायची पद्धत, आम्ही परीक्षेपुरतं घोकलं होतं. दर ३ सेकंदांनी वर्गात काय चाललंय त्याचा क्रमांक टिपायचा. प्रकार १०, त्यांतले ७ शिक्षकाच्या बोलण्याचे, २ मुलांच्या बोलण्याचे, आणि दहावा शांतता किंवा गोंधळ. बाईंचा राग या दहाव्यावर. "शांतता आणि गोंधळ एकाच खणात? भाषेच्या तासाला वर्ग शांत झाला, तर एखादं मूल शब्द शोधत असेल की!"

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. शाळेतल्या खऱ्या वर्गावरच्या सराव पाठात मी प्रश्न विचारायचो आणि कोणी बोलेना की घाबरून उत्तरही मीच देऊन टाकायचो. बाईंनी निरीक्षण वहीत लिहिलं : 'प्रश्न ११. त्यांतल्या ८ प्रश्नांची उत्तरं तुम्हीच दिलीत. मुलांना घरी सोडलं असतं तरी पाठ झाला असता. यापुढे प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा.'

पुढचा पाठ सातवीवर, व्याकरणाचा. फळ्यावर दोन वाक्यं लिहिली : 'तो आला.' 'तो आलाच.' फरक काय, असं विचारलं आणि मोजायला लागलो. एक, दोन... तिसऱ्या बाकावरची मुलगी उठून काहीतरी बोलली. मी आपला तीन, चार, पाच पूर्ण केले आणि म्हणालो, "हं, आता सांगा." सगळा वर्ग फुटला. मुलगी हिरमुसून खाली बसली. मागे बाईंनी निरीक्षण वही तोंडासमोर धरली होती. वही हलत होती.

तास संपल्यावर वही हातात आली. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. फक्त त्या मुलीचं वाक्य होतं : 'आलाच म्हणजे तो येऊ नये असं आपल्याला वाटत होतं.'

माझ्या टाचणात अपेक्षित उत्तर होतं, 'च हे निश्चय दाखवणारे अव्यय आहे.' दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून पाहिली आणि त्या रात्री टाचणातला 'अपेक्षित उत्तर' हा रकाना मी कोराच ठेवायला लागलो. बाईंनी तशी टाचणं मुकाट्याने मंजूर केली. दुसऱ्या कोणी केली नसती.

आता मी मुख्याध्यापक आहे. शिक्षक प्रशिक्षणांना तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून बोलावतात, दोन पुरस्कारही पदरात पडले आहेत (सौ.च्या आग्रहावरून लिहिलं). बी.एड.चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. आमच्या शाळेत सराव पाठांना येणाऱ्या बी.एड.च्या छात्राध्यापकांची टाचणं सुबक असतात, छापील असतात आणि बहुतेक एकाच मोबाइलवरून निघालेली असतात. एकात दुसऱ्याच शाळेचं नाव तसंच राहिलं होतं. त्यांचं निरीक्षण करायला येणारी माणसं दहा मिनिटं टेकतात, सही करतात, पुढच्या शाळेला निघतात. तासभर मागच्या बाकावर बसून मुलांची वाक्यं लिहून घेणारं कोणी दिसत नाही. मग मीच बसतो. वही घेऊन.

बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सोहळ्याला येणार असल्याचं कळलं. मीही येतोय. मला दारात पाहून त्या शेजारच्यांना 'आला' म्हणतात की 'आलाच', तेवढं ऐकायचं आहे.