रोममध्ये मुसोलिनी शोधावा लागत नाही

रोममधले तीन दिवस सगळे बघतात ते बघण्यात गेले. चौथा दिवस मी मुसोलिनीसाठी मागून घेतला. बायको म्हणाली, "त्याला उलटं टांगलं होतं ना? मग आता काय राहिलं असणार?" संध्याकाळपर्यंत तीच बोट दाखवायला लागली होती.

आधी फोरो इटालिको, म्हणजे मुसोलिनीच्या काळातलं क्रीडासंकुल. फ्लामिनिओ मेट्रोजवळून २ नंबरची ट्राम घ्या, शेवटच्या स्टॉपवर, पियाझा मांचिनीला उतरा आणि पूल ओलांडा. समोरच १९३२चा ओबेलिस्क, म्हणजे उंच टोकदार दगडी स्तंभ आहे. इटलीतल्या करारा गावच्या संगमरवराचा सुमारे ३०० टनांचा एकसंध दगड, त्यावर उभी अक्षरं: मुसोलिनी दुक्स, म्हणजे 'नेता मुसोलिनी'. पुसलेली नाहीत, झाकलेलीही नाहीत.

माझं चुकलं ते एवढंच, की रविवारी गेलो. मागच्या स्टेडियमवर साडेबाराचा फुटबॉल सामना होता आणि ओबेलिस्कपासूनचा रस्ता माणसांनी गच्च. गंमत म्हणजे बघायचं ते पायाखालीच! सामना सुरू झाला, गर्दी आत गेली, तेव्हा फरशी दिसली. पांढऱ्या खड्यांत काळ्या खड्यांनी 'दूचे, दूचे, दूचे', म्हणजे पुन्हा 'नेता'च. एका अक्षराचे खडे निघालेले, खळग्यात सिगारेटची थोटकं. कडेच्या संगमरवरी ठोकळ्यांवर राजवटीच्या पराक्रमांच्या तारखा आहेत, आणि युद्धानंतर त्यांच्याच ओळीत कोरलेली २५ जुलै १९४३ ही तारीखसुद्धा, म्हणजे राजवट कोसळली तो दिवस. तेव्हा सामन्याचं वेळापत्रक बघूनच जा. सावली कमी आहे, बाटली भरून घ्या.

दुपारी तेर्मिनीला मेट्रो बदलून बी लाइनने एउर. १९४२च्या जागतिक प्रदर्शनासाठी वसवलेला भाग. युद्धामुळे प्रदर्शन झालंच नाही. माग्लियाना स्टेशनजवळची कमानींची चौकोनी इमारत फोटोत पाहिली असेल. तिथे आता फेंडी या फॅशन कंपनीचं कार्यालय आहे. माथ्यावर 'कवींचे, कलावंतांचे, वीरांचे, संतांचे...' राष्ट्र असं कोरलंय. वाचायला छान, पण हे शब्द मुसोलिनीच्या २ ऑक्टोबर १९३५च्या भाषणातले, आणि दुसऱ्याच दिवशी त्याचं सैन्य इथिओपियात घुसलं.

मला सगळ्यात आवडला तो जवळच्या पलाझ्झो उफ्फिचीपुढचा पुतळा. उघडा तरुण, हात फॅसिस्ट सलामीत वर. नाव होतं 'फॅसिझमची प्रतिभा'. युद्धानंतर त्याच्या मुठींना मुष्टियोद्ध्याचे पट्टे चढवले आणि नाव ठेवलं 'क्रीडेची प्रतिभा'. हात मात्र तसाच वर! त्याच इमारतीच्या भिंतीवरच्या शिल्पपटात रोमचा दंतकथेतला संस्थापक रोम्युलस याच्यापासून खाली येत येत घोड्यावरचा मुसोलिनी सापडतो. इथे पुतळ्यासारखा हात वर करून फोटो काढू नका. गंमत म्हणून केलंत तरी इटलीत त्याविरुद्ध कायदे आहेत.

परतताना पियाझा वेनेझिया हा चौक. १० जून १९४०ला मुसोलिनीने युद्ध पुकारलं ती बाल्कनी इथल्याच पलाझ्झो वेनेझिया या वाड्याची. नागपूरचे हिंदू महासभेचे नेते डॉ. मुंजे मार्च १९३१मध्ये याच पलाझ्झोत मुसोलिनीला भेटले होते, आणि पुढे नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढलं. वाटलं होतं त्यापेक्षा बाल्कनी फारच लहान निघाली. चौकात मेट्रोच्या कामाचे पत्रे होते, लोक संगमरवरी स्मारकाकडे वळून सेल्फी काढत होते. बाल्कनीकडे बघणारे आम्ही दोघंच.