तुम्ही विचारलंत म्हणून: भुऱ्याला मी अजून का चालवते

"ताई, कशाला चालवताय त्याला? बसू द्या ना बिचाऱ्याला एका जागी."

गेल्या दीड वर्षात हा प्रश्न मला चाळीतल्या जवळजवळ प्रत्येक खोलीने विचारलाय. मसाला गल्लीच्या तोंडाशी मिरच्यांचे देठ खुडत बसणाऱ्या बायकांनी विचारलाय, फोनवरून बहिणीने विचारलाय. विचारणारं वाईट कुणीच नाही, हे मला कळतं. पण दर वेळी मी "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढंच बोलून पुढे सरकते. माझ्या दोन्ही हातांत लुगड्याची टोकं असतात आणि त्या लुगड्यात भुऱ्याचं, माझ्या म्हाताऱ्या कुत्र्याचं, मागचं अर्धं अंग. उभी राहून बोलत बसले तर त्याचे पाय खचतात. म्हणून आज तो झोपलाय तेवढ्यात बसून लिहितेय.

भुऱ्या कोण, कुठून आला, हे तुम्हाला सांगायला नको. चौदा वर्षं तुमच्याही उंबऱ्यावर पोळी खाऊन तो मोठा झालाय.

त्याचं दुखणं मला पहिल्यांदा कळलं ते आवाजावरून. गॅलरीतून येताना मागच्या पायांची नखं लादीवर घासल्याचा आवाज, खर्र, खर्र. पाहिलं तर मधली दोन नखं वरच्या बाजूने झिजून सपाट झालेली. मी म्हटलं, म्हातारा झाला. सहा महिने मी हेच म्हणत राहिले. मग एक दिवस बोटांवरून रक्त आलं आणि त्याला परळच्या बैलघोड्यात नेलं. 1883 सालचं ते जनावरांचं हॉस्पिटल. माझे वडील गिरणीत जाता-येता त्याच्यावरून जायचे. तिथे डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली. भुऱ्याला उभं धरलं आणि मागच्या पायाचा पंजा उलटा करून जमिनीवर टेकवला, तळवा वर. धडधाकट कुत्रा पंजा लगेच सरळ करतो. भुऱ्याने पुढचे पंजे चटकन सरळ केले. मागचा तसाच. मी मनात सहापर्यंत मोजलं, मग डॉक्टरांनीच तो सरळ केला. पाय कुठे आहे हे त्याच्या डोक्यापर्यंत पोचतच नव्हतं. एक्स-रेमध्ये खुब्याच्या सांध्यांची झीज दिसली, कमरेच्या मणक्यांवर हाड वाढलेलं दिसलं. नसांचं नेमकं काय झालंय ते पाहायला एमआरआय लागेल आणि त्यासाठी भूल द्यावी लागेल, असं ते म्हणाले. मी नको म्हटलं. भुलीची भीती हे कारण मी सगळ्यांना सांगितलं. पैशाचंही होतं. ते आज पहिल्यांदा सांगतेय.

"दुखतं का हो त्याला?" हा तुमचा दुसरा प्रश्न. सांध्यांचं दुखतं. त्यासाठी गोळी चालू आहे, ती देण्याआधी यकृताची आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी झाली आणि मधून मधून पुन्हा होते. तुमच्यातल्या एकीने प्रेमाने स्वतःची गुडघेदुखीची गोळी पुढे केली होती. मी घेतली नाही, तिला राग आला. त्या गोळीत डायक्लोफेनॅक होतं. ते दिलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडं मेली, म्हणून 2006 साली जनावरांना ते देण्यावर बंदी आली. कुत्र्याच्या पोटात ते रक्तस्राव करतं, मूत्रपिंडं बिघडवतं. आयबुप्रोफेनचंही तेच. हे त्या वेळी दारात उभं राहून नीट सांगायला हवं होतं. मी नुसतं "नको" म्हटलं.

आता खरं भांडण. आई मोरीत पडली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, तेव्हा तुम्ही सगळे भेटायला आला होतात. दुसऱ्याच दिवशी तिला वॉकर देऊन उभं केलं होतं. ती किंचाळली होती, डॉक्टरला शिव्या दिल्या होत्या. आणि तुम्ही काय म्हणालात? "आजी, चाललंच पाहिजे हां, पडून राहिलात तर पाय जातील." दुखत असताना ब्याऐंशी वर्षांच्या बाईला चालवणं ही माया होती. मग चौदा वर्षांच्या कुत्र्याला चालवणं हे हाल कसे झाले?

हे मी मनातल्या मनात शंभरदा बोललेय आणि दर वेळी एका जागी अडते. आईला कारण समजत होतं. ती नाही म्हणू शकत होती, शिव्या देऊ शकत होती, आणि शेवटी हो म्हणाली. भुऱ्याने मला कधी हो म्हटलेलं नाही. तो माझ्यामागे येतो, पण तो आयुष्यभर माझ्यामागेच आलाय. ह्या जागी तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही.

पण बसवून ठेवणं म्हणजे काय, हे मी पाहिलंय. तुम्ही ते पाहिलेलं नाही, कारण तेव्हा मी दार लोटून घेत होते.

मागच्या वर्षी जुलैत जिन्यात पाणी होतं. दुसऱ्या मजल्यावरून उतरताना भुऱ्याचे मागचे पाय एकदम फाकले आणि तो पाच पायऱ्या गडगडला. हाड मोडलं नव्हतं. डॉक्टरांनी पाच दिवस आराम सांगितला. पाच दिवस. मी तो पाच आठवडे केला. आधी तो कण्हत होता म्हणून, मग पाऊस थांबत नव्हता म्हणून. मग तुम्ही सगळे म्हणत होतात, "बरं केलंत, आता कुठे त्याला सुख," आणि ते ऐकायला बरं वाटत होतं म्हणून. आणि एक कारण असंही होतं की मी सुटले होते. पहाटे उठणं नाही, बेचाळीस पायऱ्या नाहीत, रस्त्यात कुणाचे प्रश्न नाहीत. गोधडीखाली प्लास्टिक घातलं, ताटली तोंडापाशी नेली, वर्तमानपत्रं टाकली. दया करतेय असं मला मनापासून वाटत होतं.

पण हा कुत्रा घरात कधी घाण न करणारा. वर्तमानपत्रावर तो करेना. एकेक वेळ अशी जायची की सकाळपासून रात्रीपर्यंत धरून ठेवायचा आणि माझ्याकडे बघत राहायचा. मी म्हणायची, कर रे, कुणी ओरडत नाही. त्याला ओरडण्याची भीती नव्हतीच. त्याला ते तिथे करायचं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी मी बाजारात गेले होते. आले तर दाराच्या आतल्या बाजूला भुऱ्या आडवा पडलेला, दार त्याच्या अंगाला लागलं म्हणून पुरतं उघडेना. फटीतून हात घालून त्याला सरकवलं. गोधडीपासून दारापर्यंत लादीवर लघवीचा ओला पट्टा. गोधडी त्या कोपऱ्यात, दार ह्या टोकाला, मध्ये अख्खी खोली. तेवढं अंतर तो पुढच्या दोन पायांवर ओढत आला होता. कोपरं सोलवटली होती. आई खुर्चीत बसलेली, वॉकर भिंतीशी, तिच्या हाताबाहेर. ती रडत होती. आयुष्यात तिला फार वेळा रडताना पाहिलेलं नाही.

"तो दारापर्यंत गेलो गो," ती म्हणाली. "माका उठाक जमला नाय."

त्याला पुसताना पहिल्यांदा मी त्याच्या मांडीवरून नीट हात फिरवला. मांडी राहिलीच नव्हती. जूनमध्ये पट्टा मागवायचा म्हणून शिंप्याच्या टेपने मी ती मोजली होती, तेहतीस सेंटीमीटर भरली होती. आता अठ्ठावीस. खुब्याच्या हाडावर रुपयाएवढी जखम, कातडी गेलेली. केसांत लपलेली ती जखम रोज त्याच्याजवळ बसणाऱ्या मला दिसली नव्हती. मी कूस बदलत नव्हते, कारण झोपलेल्याला कशाला उठवा.

त्या रात्री आई म्हणाली, "माजा ता हिरवा लुगडा घे." बाकी काहीच बोलली नाही. नऊवारी, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं. मी चौपदरी घडी घालून त्याच्या पोटाखालून घेतलं, दोन्ही टोकं वर धरली आणि तो उभा राहिला. थरथरत, पण उभा. दाराबाहेर गॅलरीच्या कोपऱ्यात नेला आणि कितीतरी वेळ तो मुतत राहिला. तिथे नको होतं व्हायला, हे मला मान्य आहे. मी पहाटे दोन वाजता बादली घेऊन धुतलं.

म्हणून मी त्याला चालवते. गेलेला पाय परत येईल अशी आशा मला नाही. नसा भरून येणार नाहीत. पण उरलेला स्नायू वापरला नाही तर तोही जातो आणि म्हाताऱ्या अंगावर गेलेलं मांस पुन्हा पुरतं चढत नाही. नोव्हेंबरपर्यंत खटपट करून ती मांडी तीस सेंटीमीटरपर्यंत आली. पुढे कधीच नाही. ते पाच आठवडे मी त्याच्याकडून घेतले आणि ते त्याला परत मिळाले नाहीत.

ज्यांच्या घरी म्हातारं कुत्रं आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. लुगडं पोटाच्या मध्यावर घेऊ नका. नराला लघवी करता येत नाही आणि श्वासही दबतो. ते मागच्या पायांच्या अगदी पुढे, कमरेजवळ यायला हवं. उचलायचं नाही, फक्त तोलायचं. पंजे जमिनीला टेकलेच पाहिजेत, नाहीतर आपण कुत्रं वाहून नेतोय, चालवत नाही. चाल इतकी हळू ठेवायची की प्रत्येक पाय वेगळा पडताना दिसेल. नखं दर पंधरा दिवसांनी कापायची आणि तळव्यांच्या मधले केसही, कारण गुळगुळीत लादीवर तेच घसरवतात. सतरंजी उपयोगाची नाही, ती स्वतःच सरकते. मी रबरी मॅटचे तुकडे गोधडीपासून दारापर्यंत टाकलेत. ताटली स्टुलावर ठेवते, म्हणजे मान खाली घालताना मागचं अंग कोसळत नाही. आणि वजन. पोळ्या बंद केल्या, त्याबद्दल तुम्ही अजून माझ्यावर नाराज आहात. एकेक किलो त्या मागच्या पायांवर पडतो हो. त्याच्या तोंडात गुपचूप पोळी देणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे.

चाकांची गाडीही करून घेतली. मागचं अंग तिच्यात अडकवायचं आणि पुढच्या पायांनी ओढायची. त्यात बसता येत नाही, निजता येत नाही, म्हणून दहा-पंधरा मिनिटांच्या वर ठेवत नाही. खालच्या पेव्हर ब्लॉकवर ती दर चार पावलांवर अडकते. आपल्या गॅलरीत मात्र छान चालते. गणपतीत लालबागला पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा दहा दिवस तो गॅलरीतच चालला. पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत आणि परत. तुम्ही चपलांचे स्टँड आत घेतलेत, बादल्या हलवल्यात. कुणी न सांगता. तेव्हा मी आभार मानले नाहीत. आज मानते.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न. तो तुम्ही तोंडाने विचारत नाही. सोडवत का नाही त्याला?

मी एक वही केलीय. रोज तीन गोष्टी लिहिते: खाल्लं का, आधार दिल्यावर उठावंसं वाटलं का, मी आल्यावर शेपूट हललं का. शेपूट आता नसांमुळे नीट हलत नाही, म्हणून कान हलले तरी ते धरते. लागोपाठ सात दिवस तिन्हींपैकी दोन गोष्टी "नाही" आल्या तर डॉक्टरांना बोलवायचं, असं मी गुढीपाडव्याला ठरवलं. आईसमोर ठरवलं. जूनमध्ये असे पाच दिवस लागोपाठ आले. सहाव्या दिवशी त्याने बिस्किटाचा एक तुकडा चाटला आणि तोंडातून टाकला. मी वहीत "खाल्लं" असं लिहिलं.

ते खरं नव्हतं. सातव्या दिवशी तो खरोखरच जेवला, वाटीभर भात आणि चिकनचं पाणी, आणि जिन्यापर्यंत आला. म्हणजे मी बरोबर होते की नशिबाने वाचले, हे मला सांगता येत नाही. पुढच्या वेळी सहाव्या दिवशी मी काय लिहीन, तेही नाही.

रविवारी सकाळी तो चौथ्या खोलीसमोर बसला आणि उठेना. लुगडं घेतलं तरी पाय टेकवेना. मी ओढलं नाही. शेजारी लादीवर बसले. आतून कुणीतरी चहा आणून दिला आणि नेहमीचं ते काही विचारलं नाही. चहा संपला तरी तो तसाच. मग पहिल्या मजल्यावरच्या मुलाला हाक मारली, दोघांनी उचलून आत आणलं. वहीत मधल्या रकान्यात "नाही" लिहिलं.

सोमवारी पहाटे पाचला दाराशी नखांचा आवाज आला. दिवा लावला तर तो मॅटच्या दुसऱ्या तुकड्यावर होता, पुढचे पाय ताठ, मागचे बाजूला फाकलेले, तोंड दाराकडे. आईपण जागी झाली होती. मी खुंटीवरचं लुगडं काढलं.